शहागडचा उतार आणि परमुलखातली भाड्याची गाडी

गोदावरीच्या उत्तर काठावरचे शहागड हे आज जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात मोडते. सोलापूरहून तुळजापूर, बीड, गेवराई या मार्गाने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, येणारा आणि तिथून कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगाव-धुळ्याकडे जाणारा जुना रस्ता याच गावापाशी नदी ओलांडतो. 1948 पूर्वीच्या राजकीय नकाशावर हा रस्ता पाहिला तर त्याचे एक वैशिष्ट्य ठळकपणे दिसते. सोलापूर आणि धुळे ही त्याची दोन्ही टोके ब्रिटिश अमलाखालच्या मुंबई इलाख्यात होती, तर मधला मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे एका मराठी गावाहून दुसऱ्या मराठी गावी या वाटेने जाणारा प्रवासी एक सरहद्द ओलांडून परराज्यात शिरे आणि दुसरी ओलांडून बाहेर पडे. परदेशी जाऊन तिथे भाड्याची मोटार घेणे व ती स्वतः चालवत देश पाहणे ही अलीकडच्या मराठी मध्यमवर्गाची हौस मानली जाते, आणि मोटारीपुरते ते खरेही आहे. परंतु दुसऱ्याचे वाहन, दुसऱ्याचे राज्य, दुसरे नाणे आणि पुढे जाण्यासाठी लागणारा परवाना या तिच्या चारही अंगांशी गोदाकाठचा परिचय फार जुना आहे. नवे आहे ते इतकेच की वाहनाबरोबर येणारा माणूस या व्यवहारातून निघून गेला आणि त्याची जागा कागदांनी घेतली.

पूल होण्यापूर्वी नदी ओलांडणे हीच या वाटेवरची सर्वांत मोठी अडचण होती. गंगथडीत, म्हणजे गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या दोन्ही काठांच्या पट्ट्यात, जिथे पात्र पसरट आणि तळ टणक असतो अशा जागेला उतार म्हणतात. उन्हाळ्यात बैलगाड्या अशा उतारावरून पाण्यातूनच पलीकडे जात आणि पावसाळ्यात सगळी भिस्त नावेवर व नावाड्यावर असे. भरल्या नदीने वाटसरूला किती खोळंबवावे याचे मोठे उदाहरण शहागडपासून जवळच, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, 10 ऑगस्ट 1763 रोजी घडले. निजाम अली आपल्या सैन्याच्या एका भागासह नदीपार गेलेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर अडकलेला, अशा स्थितीत माधवराव पेशवे व रघुनाथराव यांनी हल्ला केला आणि त्या लढाईत दिवाण मारला गेला. जे संकट राज्याच्या फौजेवर आले, ते भाड्याच्या छकड्यात बसून निघालेल्या सामान्य प्रवाशालाही दर पावसाळ्यात चुकत नव्हते. त्याची किंमत प्राणांऐवजी बहुधा दिवसांत आणि भाड्यात मोजली जाई. 1976 मध्ये वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडीचे धरण पूर्ण झाल्यावर नाथसागरात पाणी अडू लागले आणि शहागडची नदी पूर्वीची राहिली नाही.

या भागात भाड्याच्या वाहनाने फिरलेल्या परदेशी प्रवाशाची सर्वांत तपशीलवार नोंद ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने ठेवली आहे. सतराव्या शतकात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या आणि त्यांचे वृत्तांत 1676 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. सुरतेहून हिऱ्यांच्या बाजारासाठी गोवळकोंड्याला जाणाऱ्या वाटेचे मुक्काम सांगताना तो दौलताबाद व औरंगाबादनंतर पिंपळी आणि त्यापुढे ज्या ठिकाणाचा उल्लेख करतो, ते त्याच्या ग्रंथाच्या संपादकांनी अंबड असे ओळखले आहे. म्हणजे शहागड ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातून ही वाट पुढे नांदेडकडे जात होती. त्याने दिलेले भाड्याचे दर आजही लक्ष वेधतात. दोन बैलांची हलकी गाडी रोजी सुमारे एक रुपयाने मिळे, आणि सुरतेहून आग्र्याला किंवा तितक्याच लांबच्या गोवळकोंड्याला पोचायला पस्तीस ते चाळीस दिवस लागत असल्याने सगळ्या प्रवासाचे 40 ते 45 रुपये पडत. स्वतःच्या गाडीसाठी चांगली बैलजोडी विकत घ्यायची तर मात्र तिचीच रक्कम सहाशेच्या घरात जाई, असे तो स्वतःच्या खरेदीवरून सांगतो. एकाच प्रवासासाठी आलेल्या परक्याने वाहन विकत घेण्यापेक्षा भाड्याने का घ्यावे, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे आणि आजच्या पर्यटकाचा हिशेबही मुळात हाच असतो.

बैलांच्या निगेबद्दल ताव्हर्नियेने जे लिहिले आहे ते कोणाही शेतकऱ्याला पटेल असे आहे. दुपारी लोणी व गूळ घालून मळलेल्या गव्हाच्या पिठाचे मोठे गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे, असा खुराक घालून हे बैल घोड्याप्रमाणे दुडक्या चालीने लांबची मजल मारत. परंतु या वाटेवरून एकटी गाडीच जात नसे. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांत हजारो बैल असत आणि असा तांडा समोरून आला म्हणजे अरुंद वाटेवर दोन-तीन दिवस थांबून राहण्यावाचून गत्यंतर नसे. शिवाय नदीचे वेगळे देणे होतेच. नांदेडच्या नदीपाशी प्रत्येक गाडीमागे चार रुपये द्यावे लागत आणि पलीकडे जाण्यासाठी तिथल्या सुभेदाराकडून लेखी परवाना घ्यावा लागे, असे तो नोंदवतो. एका गाडीचे चार दिवसांचे भाडे एका उतारावरच खर्ची पडावे ही बाब लहान नाही. राज्यसत्तेला रस्त्यावर नियंत्रण ठेवायचे असले तर ते सगळीकडे ठेवता येत नाही. ते घाटात आणि नदीवर ठेवता येते, कारण तिथे प्रत्येकाला थांबावेच लागते.

निजामाच्या राज्यात ही थांबवण्याची व्यवस्था एका रीतसर खात्याच्या हाती आली. सरहद्दीवर मालावर जकात घेणाऱ्या या खात्याला करोडगिरी म्हणत आणि आयात-निर्यातीवरचा तिचा सर्वसाधारण दर किमतीच्या शेकडा पाच होता. नाणेही वेगळे होते. राज्यात निजामाचा हाली शिक्का चाले, तर ब्रिटिश रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि शंभर कलदार रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै इतका हाली शिक्का असा ठरीव भाव होता. सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकालासुद्धा अशा रीतीने देवीच्या वाटेवर विनिमयाचा हिशेब करावा लागे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी या मार्गाने हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, परंतु ती शहागड, गेवराई व बीड यांना बाजूला ठेवून गेली. त्यामुळे या गावांच्या नशिबी रस्ताच राहिला, आणि ज्याला वाहन नाही त्याला भाड्याची गाडी, पुढे टांगा आणि त्यानंतर मोटार, यांवाचून दुसरा उपाय नव्हता.

पर्यटक म्हणून भाड्याच्या मोटारीने सरहद्द ओलांडण्याचा मराठी प्रदेशातला स्पष्ट प्रकार अजिंठ्याच्या वाटेवर आढळतो. लेणी निजामाच्या राज्यात होती, तर त्यांना सोयीचे असणारे जळगाव हे रेल्वे स्टेशन ब्रिटिश खानदेशात होते. म्हणून गाडीतून उतरलेला युरोपीय किंवा मुंबईकर प्रवासी जळगावला मोटार किंवा टांगा ठरवून निजामाच्या हद्दीतल्या फर्दापूरला जाई आणि तिथल्या बंगल्यात उतरे. 1914 मध्ये हैदराबाद राज्याचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची निगा व प्रसिद्धी वाढली, तशी ही वर्दळही वाढली. सामान्य रयतेसाठी मात्र मोठा बदल 1932 च्या जूनमध्ये झाला. निजामाच्या रेल्वेने त्या महिन्यात 27 बस व 166 नोकर घेऊन सरकारी मोटार वाहतूक सुरू केली, आणि ज्याला मोटार कधी भाड्याने परवडली नसती तो तिकीट काढून मोटारीत बसू लागला.

युरोपात मोटारीपुढे हाच सरहद्दीचा प्रश्न उभा होता. दर देशात वेगळी नोंदणी व वेगळा परवाना मागितला तर मोटार नाक्यावरच अडकणार, हे ओळखून 11 ऑक्टोबर 1909 रोजी पॅरिसला पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात वाहन व चालक यांच्यासाठी एक सामाईक प्रमाणपत्र आणि गाडीवर देश ओळखू येण्यासाठी अक्षरांची पाटी ठरली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानाला बी-आय ही अक्षरे मिळाली. 1926 च्या करारात वाहनाचा कागद आणि चालकाचा परवाना वेगळे झाले. ही फारकत वरकरणी कारकुनी वाटली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे, कारण आपली गाडी न नेता केवळ आपले चालवण्याचे कौशल्य दुसऱ्या देशात नेणे तिच्यामुळे कायद्याने शक्य झाले आणि परदेशी भाड्याच्या मोटारीचा धंदा पुढे याच पायावर उभा राहिला. चालकाविना मोटार भाड्याने देण्याची रीत तोवर अमेरिकेत रुजली होती. वॉल्टर जेकब्ज याने 1918 मध्ये शिकागोत डझनभर फोर्ड मोटारींवर हा व्यवसाय सुरू केला, तो 1923 मध्ये जॉन हर्ट्झने विकत घेतला, आणि 1946 मध्ये एव्हिस कंपनीने डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर दुकान मांडून विमानातून उतरणारा प्रवासी हेच आपले गिऱ्हाईक ठरवले.

भारतात या रीतीने फार उशिरा पाय रोवले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर शहागडच्या रस्त्यावरची दोन्ही टोकांची सरहद्द संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये त्याची बस वाहतूक राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. गाव आणि जिल्हा यांच्यामध्ये एसटी धावू लागली आणि जिथे ती पुरी पडत नव्हती तिथे जीप, ट्रॅक्स व काळी-पिवळी आल्या. परंतु लग्नाला, दवाखान्याला किंवा देवाला गाडी ठरवायची म्हणजे ड्रायव्हरसह ठरवायची हाच रिवाज कायम राहिला. हा केवळ गरिबीचा किंवा मागासपणाचा भाग मानणे चुकीचे ठरेल. ड्रायव्हरला वाट, घाट, ढाबा, पंक्चरवाला आणि नाक्यावरची भाषा ठाऊक असते, गाडीमालकाची गाडी त्याच्या नजरेखाली राहते, आणि भाडे देणाऱ्याला कोणतीच अनामत ठेवावी लागत नाही. ही पूर्ण विचारान्ती टिकलेली व्यवस्था होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याखाली 1989 ची भाडे-मोटार योजना आली तेव्हा चालकाविना गाडी देण्यास रीतसर मान्यता मिळाली, आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक ही अशा गाडीची खूण ठरली. गोव्याच्या रस्त्यांवर मराठी पर्यटकाने ती सर्वांत आधी पाहिली.

देशाबाहेर जाऊन मोटार चालवण्यातली खरी अडचण मात्र परवान्यापेक्षा पैशाची होती. वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा करारात भारत 1962 मध्ये सामील झाला आणि 1919 मध्ये स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन सभासदांना परदेशी मोटारप्रवासाच्या कागदांत साहाय्य करीत होती. परंतु परकीय चलन इतके दुर्मिळ होते की एके काळी सर्वसाधारण प्रवाशाला जाताना केवळ 8 डॉलर मिळत. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी रक्कम पाठवण्याची उदार योजना आणली तेव्हा वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत मुभा मिळाली, ती मर्यादा पुढे वाढत गेली, आणि संगणकाच्या नोकरीमुळे परदेशी स्थिरावलेल्या मुलांकडे जाणारे आईवडील मराठवाड्यातल्या लहान गावांतूनही विमानतळ गाठू लागले.

शहागडचा रहिवासी आज परदेशात मोटार चालवू इच्छित असेल तर त्याला जालन्याच्या परिवहन कार्यालयात आपला चालू परवाना, पारपत्र व अन्य कागदांसह अर्ज करून आंतरराष्ट्रीय चालक परवाना घ्यावा लागतो. हा परवाना एक वर्ष चालतो, त्याची फी 1,000 रुपये आहे, आणि 26 ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेने त्याचा आकार, रंग व नमुना देशभर एकसारखा करून त्यावर मूळ परवान्याशी जोडणारे क्यूआर चिन्ह घातले. ही परवाना-पुस्तिका म्हणजे स्वतंत्र परवाना नसून मूळ परवान्याचे परक्या भाषांत दिलेले स्पष्टीकरण आहे, म्हणून दोन्ही एकत्र बाळगावे लागतात. त्याची मान्यता करारावर अवलंबून असते. जपान केवळ 1949 च्या कराराचे आंतरराष्ट्रीय परवाने मानते, त्यामुळे भारतीय चालकाला तिथे अडचण येत नाही. चीन असा कोणताच परवाना मानत नाही. गाडीच्या काउंटरवर यानंतर क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, आणि विम्यात अपघाताच्या खर्चाचा पहिला ठरावीक हिस्सा भाडेकरूने सोसायचा अशी अट असते, जिच्याकडे घाईत सही करणाऱ्याचे बहुधा दुर्लक्ष होते. ड्रायव्हर नसल्यामुळे वाट व रीत सांगणारा कोणी सोबत नसतो ही उणीव यांपैकी कोणताच कागद भरून काढत नाही, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवण्याची सवय असलेल्या चालकाला ती फ्रान्स, जर्मनी किंवा अमेरिका अशा उजव्या बाजूच्या देशांत पहिल्याच चौकात जाणवते. म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्याने ब्रिटन, न्यूझीलंड किंवा जपान अशा डाव्या बाजूच्या देशापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरते.