नियमपालन, बिगर-इस्लामी राज्यातील
बिगर-मुस्लिम सत्तेचे नियम मुसलमानांनी कितपत पाळावेत, यासंबंधीचा इस्लामी धर्मशास्त्रातील विचार. हनफी शास्त्रकारांच्या मते अभय (अमान) मिळून अशा राज्यात राहणाऱ्याने वचनभंग करू नये. धर्मविरुद्ध आज्ञा मात्र बंधनकारक नव्हे. सारा भरण्यासारखे नियम त्यामुळे पाळता येतात. खरी अडचण न्यायदानाची होती.

वऱ्हाडात 1853 च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे राहिले. पांढरकवडा ज्या वणी जिल्ह्यात (1905 पासून यवतमाळ) होते, तेथेही सारावसुली व न्यायदान इंग्रजी अंमलदारांच्या हाती आले. ब्रिटिश हिंदुस्थानात 1864 मध्ये सरकारी काझी नेमणे बंद झाले. 1880 च्या काझी अधिनियमाने नेमणुकीची तरतूद पुन्हा केली, पण काझीला न्यायाधिकार दिला नाही. निकाहास काझी आवश्यक नसतो; तथापि पती बेपत्ता झालेल्या स्त्रीला विवाहविच्छेदासाठी तो लागे, आणि बिगर-मुस्लिम न्यायाधीशाचा निर्णय अनेक उलेमांना अमान्य होता. अश्रफ अली थानवी (1863–1943) यांनी मालिकी मताच्या आधारे, काझी नसेल तेथे हा निर्णय मुस्लिम पंचांवर सोपविला. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाने स्त्रीला न्यायालयात दाद मागण्याचा हक्क मिळाला. न्यायाधीश मुसलमान असावा, ही विधेयकातील अट मात्र वगळण्यात आली. त्यामुळे न्यायालयाचा निवाडा धर्मदृष्ट्या ग्राह्य आहे काय, हा वाद पुढेही चालू राहिला.