नळी होती, तरी बाळ उपाशी का?

मागच्या व्याख्यानात आपण उबेची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर पाहिला. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. पेटीत ऊब मिळाली, पण बाळाच्या पोटात दूध जायचं कसं? दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळं बहुतेक फार लवकर जन्मलेली असतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी दूध श्वासनळीत जायची भीती असते.

पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निए यांनी 1880च्या दशकात यावर उपाय रुजवला. रबराची मऊ नळी तोंडातून जठरापर्यंत सरकवायची, वरच्या टोकाला काचेचं छोटं भांडं लावायचं आणि त्यात थोडंसं दूध ओतायचं. दूध आपल्या वजनानंच खाली उतरतं. आजही नवजात कक्षात परिचारिका दट्ट्या काढलेली सिरिंज उंच धरतात, ती याच तत्त्वावर.

म्हणजे साधन हाती आलं होतं. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यात उलटंच घडलं. दूध छातीत जाईल या धास्तीनं अनेक रुग्णालयांत अशा बाळांना पहिले दोन-तीन दिवस काहीच देत नसत. हेतू चांगला होता, पण बाळांच्या रक्तातली साखर घसरे, कावीळ वाढे, आणि काहींच्या मेंदूला इजा होई.

1964 साली ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. जन्मानंतर थोड्याच वेळात, पाणी न घालता, नळीतून आईचं दूध दिलं, तर बाळांना ते सोसतं, आणि साखर व कावीळ दोन्ही आटोक्यात राहतात. उपाशी ठेवण्याची रीत मग हळूहळू मागे पडली.

पुढे 1970च्या दशकात नळी जठरापलीकडे, थेट आतड्यात नेऊन पाहिली. त्यातून ठोस फायदा दिसला नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. त्यामुळे आज सर्रास वापर जठरातल्या नळीचाच.

नळीतून काय द्यायचं, या प्रश्नाला आपल्या मुंबईनंही उत्तर दिलं. 1989 साली सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

या इतिहासातून आपण एवढंच लक्षात ठेवू: काहीच न करणं हाही उपचारच असतो, आणि त्याचीही किंमत बाळालाच मोजावी लागते.