दूरदेशीचा मृत्यू आणि परवानगीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी बंगळूरमधील आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांचा रात्री उशिरा दूरध्वनी आला. मूळचे बेळगावकडचे. त्यांचा पुतण्या सौदी अरेबियात नोकरीस असताना हृदयविकाराने गेला होता. "साहेब, त्याला आणता येईल का हो, की तिथंच मातीत द्यायचं?" एवढेच त्यांनी विचारले. त्या देशात दहनास मुभा नाही. म्हणजे अस्थी आणण्याची वाट बंद. मी केंद्र शासनाच्या सेवेत असलो तरी माझे खाते निराळे, आणि उत्तर मला ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ आपल्या याच शहरापासून करणे उचित ठरेल. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जानेवारी १६६४ मध्ये आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे, शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून, त्यांचा अंत झाला. समाधी तेथेच आहे. पुत्र शिवाजीराजे तिकडे राज्य उभारीत होते. तरीही पार्थिव देशी नेण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मृत्यू जेथे, क्रियाकर्म तेथे, हा त्या काळचा रिवाज. त्यास कोणाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

शिक्क्याची गरज कशी निर्माण झाली, हे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या कथेत दिसते. हे तरुण छत्रपती १८७० मध्ये विलायतेच्या प्रवासास गेले, व्हिक्टोरिया राणीस भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी निवर्तले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती, आणि ख्रिस्ती इटलीत प्रेत जाळण्याची प्रथा नव्हती. कोल्हापूर समुद्रापलीकडे, आठवड्यांच्या अंतरावर. तेव्हा बरोबरच्या मंडळींनी दहनाची विशेष परवानगी मागितली आणि नगरपालिकेने ती दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाशी, रात्री चिता रचली गेली. १८७४ मध्ये तेथे छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा उभारला गेला. पुढे शंभर वर्षांनी जवळच बांधलेल्या पुलासही त्या 'भारतीया'वरूनच नाव मिळाले. महाराजांची प्रवासाची दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी.

प्रशासनाच्या दृष्टीने मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही परवानगी नियमाने मिळाली नाही, नियम बाजूस ठेवून मिळाली. संस्थानाचे अधिपती होते म्हणून ती मिळाली. त्याच काळात मॉरिशसच्या ऊसमळ्यांत खपलेल्या मराठी मजुरांसाठी कोण अर्ज करणार होते?

विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव जहाजाने मुंबईस आणून १० नोव्हेंबरला अंत्यसंस्कार झाले. शवलेपन आणि आगबोट यांमुळे जे शक्य झाले, तेही थोरामोठ्यांपुरतेच.

सामान्य माणसासाठी नियम आला तो विमानाबरोबर. १९५४ च्या भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियमांत हवाबंद शवपेटी, दाखले, विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याची मान्यता हे सारे आहे. पण त्या नियमांचा जीव साथीच्या भीतीत आहे, शोकात नाही. पैशाचा प्रश्न त्यांत नाहीच. निराधारांचे पार्थिव आणण्याचा खर्च दूतावासास करता यावा यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला तो २००९ मध्ये, म्हणजे आखाताची वाट धरलेली एक संपूर्ण पिढी निवृत्त झाल्यावर.

आणि नियम असूनही काय घडू शकते, हे एप्रिल २०२० मध्ये दिसले. अबुधाबीहून दिल्लीस विमानाने आलेली तीन पार्थिवे, कोरोनाने मृत्यू झालेला नसतानाही, विमानतळावरूनच परत पाठविण्यात आली. कारण त्या दिवसांत याविषयी स्पष्ट आदेशच नव्हता. दोन दिवसांत कार्यपद्धती निघाली आणि पार्थिवे पुन्हा आणावी लागली. आदेश निघेपर्यंत 'नाही' म्हणणे ही आम्हा नोकरशहांची जुनी खोड आहे. मीही तिला अपवाद आहे, असे म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य मंत्रालयाचे 'ई-केअर' संकेतस्थळ या मंजुरीसाठी आहे. ते सर्वांनी ध्यानात ठेवावे.

असो. त्या गृहस्थांच्या बाबतीत मृत्यूचा दाखला, शवलेपनाचा दाखला, रद्द केलेले पारपत्र, दूतावासाचे ना-हरकत पत्र, सारे क्रमाने जुळत गेले. अडले ते एका कागदापाशी. पार्थिव पाठवावे की तेथेच दफन करावे, याचे संमतिपत्र कायदेशीर वारसाने द्यावयाचे असते. पोरक्या पुतण्यास यांनी लहानाचे मोठे केले होते. पण वारस पत्नी. ती बेळगावास, सहा महिन्यांची गरोदर, आणि तिला अद्याप कोणी काही सांगितले नव्हते.

"माझी सही चालणार नाही होय?" त्यांनी दोनदा विचारले. चालणार नव्हती. त्याच रात्री ते बसने बेळगावास गेले. तिसऱ्या आठवड्यात पेटी देवनहळ्ळीच्या विमानतळावर आली तेव्हा पहाट व्हायची होती. मालवाहू विभागात ताबा घेणाऱ्याच्या नावासमोर सही करावयाची होती. लिपिकाने नाते विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "चुलते. येथे चालते." मग त्यांनी चष्मा पुसून सही केली.