वई आणि वाट

मुरबाड-शहापूरकडे शेताला कुंपण म्हणजे वई, निवडुंगाची नाहीतर काट्याकुट्यांची. ती गुरांसाठी, माणसांसाठी नव्हे. भात कापून खळ्यावर आलं की रानं मोकळी. पौषी पुनवेला म्हशाच्या जत्रेला निघालेले बैल कुणाच्याही खाचरातून जात, कोणी ब्र काढत नसे.

पावसाळ्यात मात्र आवणात ढोर शिरलं की भांडण ठरलेलं. त्यासाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला: जनावर कोंडवाड्यात घाला, धन्याने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवावं. आमचा आजा ती पायरी सहसा चढायचा नाही. ढोर धरून थेट धन्याच्या ओट्याशी बांधायचा. "वाट चुकलंय रं तुझं, सांभाळ," एवढंच बोलायचा आणि प्यायला पाणी मागायचा. पाणी पाजलेल्या माणसाशी भांडणार कोण? दुसऱ्या दिवशी तोच धनी आमची वई बांधायला हजर.

पण सगळं असं गोड नव्हतं. चैत्रात पहाटे मोह वेचायला ठाकर-कातकऱ्यांच्या बाया येत. त्यांच्या पिढ्या याच रानात गेल्या, पण कागद सावकाराचा. म्हणून घुसखोर त्या ठरल्या. १ एप्रिल १९५७ ला कुळं जमिनीची मालक झाली, ती ज्यांचं कूळ म्हणून नाव लागलं होतं ती. ज्यांच्या वाडीचीच जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, त्यांना त्या दिवसाचं काय?

आता शहरातून आलेले मालक तारा ओढतात, पाटी लावतात, आणि नदीची वाट बंद होते. त्यांना वाटतं, आत पाऊल टाकलं की गुन्हा. तसं नाही. फौजदारी गुन्ह्याला गुन्हा करण्याचा किंवा धाकदपटशा, अपमान, त्रास देण्याचा हेतू लागतो. उलट शेताची जुनी वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. पण तारखा घालत बसणार किती दिवस?

आमच्या शेजारच्या फार्महाऊसवाल्याने निराळं केलं. राखणदार वाडीतलाच ठेवला, आणि तारेत माणूस जाईल एवढी फट ठेवली. आंबे चोरीला जातात का, विचारलं तर हसतो. म्हणतो, "बाया परतताना टोपलीतली करवंदं ठेवून जातात. हिशेब फिटतो."