पॉन्टून बोटीला कोणता प्रोपेलर? उजनीच्या पाण्यासाठी हिशेब

बोटीचं इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हे सगळे विचारतात. ती ताकद पाण्यात उतरवतो तो प्रोपेलर, म्हणजे मागचा पंखा. त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. सोलापूर जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. उजनी धरणाचं पाणी करमाळा, माढा आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात पसरलंय. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून काठचे लोक बोटीने ये-जा करतात. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

एक गोष्ट आधीच सांगतो. कुठलाही प्रोपेलर वादळापासून वाचवत नाही. वारा सुटला की बोट काढायची नाही आणि लाइफ जॅकेट अंगावर हवंच. पण भरलेली बोट समोरच्या वाऱ्यातून काठाला आणायची वेळ आली, तर इंजिनची ताकद कामाला येते की वाया जाते, हे बऱ्याच अंशी पंख्यावर ठरतं.

पॉन्टून बोट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब नळकांड्या आणि त्यावर सपाट डेक. माणसं भरपूर मावतात, बोट सहसा डुलत नाही. पण ती जड असते, पाण्याला जास्त अडते आणि छतामुळे वाराही धरते. म्हणून स्पीडबोटीचा पंखा हिला चालत नाही.

पंख्यावर दोन आकडे असतात, समजा १४ × ११. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेरीत, पाणी अजिबात न निसटता, किती पुढे जाईल ते. बाइकच्या गिअरसारखं समजा. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. डबलसीट घाट चढताना तो टाकला की इंजिन गुदमरतं. पॉन्टूनला शक्यतो मोठा व्यास आणि कमी पिच लागतो.

किती कमी? इथे अंदाज चालत नाही. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम हवेत ते दिलेलं असतं; बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत ५००० ते ६०००. नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढं वजन ठेवून, शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. काटा ५००० च्या खाली अडकला तर पिच जास्त आहे. ६००० च्या वर पळाला तर कमी. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. रिकाम्या बोटीवर घेतलेली चाचणी मी तरी चाचणी मानत नाही.

आता मोबाइल काढा. जीपीएस स्पीडोमीटरचं कुठलंही साधं अ‍ॅप चालेल. समजा आरपीएम ५५००, गिअर रेशो २ आणि पिच ११ इंच. मग पंखा मिनिटाला २७५० फेऱ्या मारतो आणि कागदावरचा वेग येतो ताशी सुमारे ४६ किलोमीटर. अ‍ॅप ३३ दाखवत असेल तर जवळपास २८ टक्के वेग निसटला. याला स्लिप म्हणतात. पॉन्टूनला २०-३० टक्के स्लिप नवलाची नाही. त्याहून बरीच जास्त आली तर पाती वाकलीत का, इंजिन फार वर बसवलंय का, ते बघा. इंजिन वर असलं की पंखा हवा ओढतो. आवाज वाढतो, बोट मात्र जागची हलत नाही.

तीन पाती की चार? प्रवासी नेणार असाल तर माझं मत चारच्या बाजूने. टॉप स्पीड थोडा जातो, पण भरलेली बोट लवकर उचलते, वळताना पकड सुटत नाही आणि धक्क्याला लावताना रिव्हर्स नीट लागतो.

धातूचा प्रश्न उजनीत वेगळा आहे. उन्हाळ्यात साठा उणे होतो आणि पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. म्हणजे एरवी बोटीखाली किती बुडालेलं बांधकाम आणि दगड असतील बघा. स्टेनलेस स्टील मजबूत असतं, पण ते दगडावर आदळलं तर धक्का थेट गिअरपर्यंत जाऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं आधी वाकतं आणि ते स्वस्तही आहे. इथे मी तेच घेईन. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोराही तपासत राहा. तो शाफ्टला गुंडाळला की ऑइल सील कापतो, मग गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं.

ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका, सगळे पंखे सारखेच दिसतात. इंजिनचं मॉडेल, शाफ्टवरच्या दात्यांची संख्या आणि त्या गिअरकेसला बसणारा जास्तीत जास्त व्यास जुळवा. जुना पंखा धड असेल तर टाकू नका. पाना, नट आणि पिनांसकट बोटीतच ठेवा. बदलताना आधी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या.