एसजीपीटीचे चढउतार

हिपॅटायटिस सी झालेल्या रोग्याच्या फाइलमध्ये सर्वांत जास्त वेळा वाचला जातो तो एसजीपीटीचा आकडा. या विकराचे आजचे नाव एएलटी असले तरी भारतातल्या लॅबच्या रिपोर्टवर जुने नाव अजूनही छापले जाते. यकृताच्या पेशींत अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेण्याचे काम हा विकर करतो. पेशीला इजा झाली की तो रक्तात झिरपतो. म्हणून हा आकडा त्या सुमारास पेशींना झालेल्या इजेचा असतो. शरीरात विषाणू किती आहे किंवा यकृत किती काम करते आहे, हे त्यातून कळत नाही. तरीही सुमारे दोन दशके डॉक्टरांना विषाणूच्या जागी हाच आकडा वाचावा लागला. उपचार चालू असताना आकडा दहा-वीसने हलला तरी रोग्याची झोप उडते. त्या धास्तीचे मूळ याच काळात आहे.

अमिनो गटाची ही अदलाबदल मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रित्समन यांनी १९३७ मध्ये दाखवली होती, पण रक्ततपासणीत ती आली यकृतामुळे नव्हे, तर हृदयामुळे. न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन यांना १९५४ मध्ये दिसले की हृदयविकाराचा झटका आल्यावर एसजीओटी हा जोडीचा विकर रक्तात चढतो आणि काही दिवसांत उतरतो. पुढच्याच वर्षी नेपल्समध्ये दे रितिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूजन्य कावीळीत हे विकर कसे वाढतात ते मांडले. एसजीपीटी प्रामुख्याने यकृतात असल्याने तो यकृताचा खास निदर्शक ठरला. राइटमन आणि फ्रँकेल यांनी १९५७ मध्ये रंग पाहून मोजण्याची सोपी पद्धत दिली आणि महागड्या यंत्राशिवायही ही तपासणी होऊ लागली. एका आकड्याचा इतक्या झटपट प्रसार वैद्यकात क्वचितच झाला असेल.

या आकड्याला खरे वजन आले ते रक्तसंक्रमणामुळे. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त घेतलेल्या रोग्यांचे नमुने ठरावीक अंतराने तपासत. अनेकांना ना कावीळ दिसे, ना काही त्रास होई. आजार झाल्याची खूण एकच, वाढलेला एएलटी. हिपॅटायटिस बीची चाचणी आली, १९७३ मध्ये हिपॅटायटिस एचा विषाणूही सापडला, आणि १९७५ मध्ये स्पष्ट झाले की यातले बहुतेक रोगी दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. आजाराला नाव पडले ‘ना ए, ना बी’. त्याची एक ओळख म्हणजे आकड्याची चाल. आज चढलेला एएलटी काही आठवड्यांनी जवळपास सामान्य होई आणि पुन्हा चढे. आज ज्या चढउताराने माणूस घाबरतो, तो त्या काळी या आजाराचे लक्षणच मानला जात होता. विषाणूची चाचणी नसल्याने १९८६-८७ पासून अमेरिकेतील रक्तपेढ्या एएलटी वाढलेल्या दात्यांचे रक्त बाजूला ठेवू लागल्या. चाळणी ढोबळ होती. लठ्ठ किंवा मद्य घेणारा निरोगी दाता तिच्यात अडके, तर सामान्य एएलटी असलेला बाधित दाता सुटून जाई.

उपचारांची सुरुवातही याच आकड्यावर बेतलेली होती. जे हूफनेगल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘ना ए, ना बी’च्या दहा रोग्यांना इंटरफेरॉन दिले. आठ जणांचा एएलटी वेगाने खाली आला. त्या आठांपैकी दोघांचे औषध चार महिन्यांनी थांबवले, तर त्यांचा आकडा लगेच पूर्वपदावर गेला. विषाणू अजून कोणी पाहिलेला नव्हता, तरी औषध लागू पडते हे पेशींच्या इजेवरून समजले, ही विलक्षण गोष्ट आहे. पण त्यातूनच एक समीकरण रुजले: आकडा उतरला तर औषध चालले, चढला तर हरले. आठवड्यातून तीनदा इंजेक्शन, ताप, अंगदुखी, खिन्नता आणि महिन्याच्या रिपोर्टची वाट, असे जगणाऱ्या रोग्याने त्या आकड्याला कौल मानले, यात नवल नाही.

कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, चू आणि कुओ यांनी अटलांटाच्या डॅनियल ब्रॅडली यांच्या साथीने १९८९ मध्ये ‘ना ए, ना बी’च्या विषाणूचा, म्हणजेच हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा, जनुकीय तुकडा शोधला आणि १९९० मध्ये प्रतिपिंडांची चाचणी आली. पाठोपाठ पीसीआरने रक्तातला विषाणू थेट मोजता येऊ लागला आणि जुने समीकरण ढासळले. बाधितांपैकी सुमारे चतुर्थांश लोकांचा एएलटी कायम सामान्य असतो. उलट आकडा फार चढलेल्याच्या यकृतात व्रण थोडेच असू शकतात, आणि सिरॉसिस झालेल्याचा आकडा सामान्याच्या जवळ असू शकतो. रक्तात एएलटीचे अर्धे आयुष्य सुमारे ४७ तासांचे असते. व्यायाम, वजन, मद्य आणि इतर औषधे यांनीही तो हलतो. ‘सामान्य’ ही रेषाही पक्की नव्हती. मिलानमध्ये प्राती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६,८३५ रक्तदात्यांचे आकडे तपासले. सर्वांत कमी जोखमीचे दाते निवडल्यावर निरोगी मर्यादा पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ निघाली, बहुतेक लॅबच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली.

पेगिलेटेड इंटरफेरॉन आणि रिबाविरिनच्या काळात गोंधळ आणखी वाढला. काहींच्या रक्तातून विषाणू नाहीसा होई, पण इंटरफेरॉनमुळेच एएलटी वर राही आणि इंजेक्शने थांबल्यावर उतरे. रिबाविरिनने तांबड्या पेशी फुटत आणि बिलिरुबिन वाढे, की रोग्याला वाटे कावीळ परतली. बरे होण्याची व्याख्या मात्र बदलली होती: उपचार संपून २४ आठवड्यांनी विषाणू न सापडणे. पुढे हे अंतर १२ आठवड्यांवर आले.

हिपॅटायटिस सीवरील सोफोसबुविर या गोळीला डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथे बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या सिप्लासह सात भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि औषध इथल्या रोग्याच्या आवाक्यात येऊ लागले. थेट विषाणूवर काम करणाऱ्या या गोळ्यांनी एएलटी बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो. अपवाद थोडे, पण खरे आहेत. एल्बास्विर-ग्राझोप्रेविर घेणाऱ्या सुमारे एक टक्का रोग्यांत आठव्या आठवड्याच्या सुमारास किंवा नंतर तो पाचपटीहून अधिक चढला. पॅरिटाप्रेविरयुक्त गोळ्यांसोबत एथिनिल एस्ट्राडायॉल असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ही वाढ जास्त दिसली. सोबत हिपॅटायटिस बी दबून असेल तर सी हटताच तो उसळू शकतो. २४ रोग्यांत हे आढळल्यावर अमेरिकी औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ठळक इशारा दिला. त्यामुळे उपचाराआधी बीची तपासणी आवश्यक ठरली. एएलटी दहापट वाढला तर, किंवा त्याहून कमी वाढीसोबत मळमळ, उलट्या, अशक्तपणा, कावीळ किंवा वाढलेले बिलिरुबिन असेल तर औषध थांबवावे, असे अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शनात लिहिले गेले. लक्षणे नसलेली लहानसहान वाढ फक्त पुन्हा मोजायची.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत तपासणी व गोळ्या मोफत मिळू लागल्या. सिरॉसिस नसलेल्या साध्या रोग्याला उपचाराच्या मधल्या काळात वारंवार रक्त देण्याची गरज नसते, अशी सुटसुटीत पद्धत दरम्यान जगभर मान्य झाली. उपचार संपून बारा आठवड्यांनी केलेली विषाणूची चाचणी निकाल देते. तेव्हा विषाणू नसूनही एएलटी वाढलेलाच राहिला, तर शोध यकृतातील चरबी, मद्य किंवा दुसऱ्या औषधांकडे वळतो. सिरॉसिस झालेल्याचा एएलटी सामान्य झाला तरी यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच राहते.