गोळा आणि फेरफार

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला तो एकेरी. आणि एकेरी मार्गावर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एडवर्ड टायर याने विलायतेत विजेच्या टोकनयंत्राचे पेटंट घेतले तेही त्याच साली. पुढे हिंदुस्थानातील एकेरी मार्गांवर नील नावाच्या संशोधकाच्या टोकनयंत्राचा पोलादी गोळा रूढ झाला: चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवलेला तो गोळा हाती पडल्यावाचून चालकाने पुढच्या टप्प्यात गाडी घालायची नाही, आणि एक गोळा बाहेर असेतो यंत्र दुसरा सोडणार नाही.

संगणकात एकाच वेळी अनेक कामे (प्रोग्रामरांच्या भाषेत थ्रेड) चालू लागली, तेव्हा त्यांना आवर घालणाऱ्या खुणेला डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा याने 1965 च्या निबंधात रेल्वेचाच ‘सेमाफोर’ हा शब्द दिला. पण खिडक्या, बटणे आणि लेबले यांच्या मुलखात हा गोळा चालेना. वापरणाऱ्याची टिचकी खालून प्रोग्रामकडे चढते, प्रोग्रामची आज्ञा वरून उतरते. दोघे आपापले कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहतात आणि पडदा गोठतो. सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टनने 2004 मध्ये, सर्व थ्रेडना मुक्तद्वार असलेल्या पडद्याचे स्वप्न फसल्याचे लिहून टाकले.

उरली ती तोड महाराष्ट्रातील कोणाही खातेदारास ठाऊक आहे. जमीन घेतली म्हणून कोणी सातबाऱ्यावर आपले नाव स्वहस्ते लिहीत नाही; तलाठ्याने गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरायची, हरकतींची मुदत जाऊ द्यायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, तेव्हा कुठे उताऱ्यावर नाव चढते. पडद्याचेही तेच: त्यावर लिहिण्याचा अधिकार एकाच थ्रेडचा, आणि त्याच्या दाराशी अर्जांची रांग. फाइल उतरवून घेणारा पडद्यामागचा थ्रेड ‘लेबलावर 37 टक्के लिहावे’ एवढा अर्ज जावाच्या इन्व्होकलेटरने किंवा विंडोज फॉर्म्सच्या बिगिनइन्व्होकने रांगेत टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. (नुसत्या ‘इन्व्होक’ने टाकला, तर निकाल लागेतो तिष्ठत बसतो, त्यात मुख्य थ्रेडच त्याच्यासाठी खोळंबला असेल, तर पुन्हा तीच कोंडी.) सरकारी इंग्रजीत फेरफाराला म्युटेशन म्हणतात, प्रोग्रामरही जागच्या जागी केलेल्या बदलाला तेच म्हणतात.

तलाठ्याला डावलून परस्पर लिहिणारे या धंद्यातही पुष्कळ होते, आणि कित्येकदा त्यांचे निभावूनही जाई. विंडोज फॉर्म्स ज्याचा भाग आहे त्या डॉटनेटच्या 2005 मधील दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र, डीबगर (चुका शोधण्याचे साधन) चालू असताना परक्या थ्रेडने लेबलाला हात लावला, की प्रोग्राम चूक दाखवून तिथेच थांबतो.